मराठीचे शेक्सपिअर

इंग्लंडमध्ये एव्हन नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड नावाचे गाव आहे. तेथे १५६४ साली विल्यम शेक्सपिअर याचा जन्म झाला. त्याचे वडील हातमोजे बनवीत असत. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. लंडनच्या नाटक मंडळीत नट होऊन रंगभूमीवरच तो नाट्यलेखन शिकला. १६१६ साली तो निवर्तला, तोवर त्याच्या हातून सुमारे सदतीस नाटके लिहून झाली होती. त्यांचे प्रयोग आजही जगभर होतात. अशा थोर नाटककाराचे नाव बिरुद म्हणून मराठीत ज्यांना लाभले, ते राम गणेश गडकरी होत.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. पुढे पुण्यास मॅट्रिक होऊन ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. परंतु गणिताने त्यांची वाट अडविली आणि शिक्षण सुटले. तेव्हा त्यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांना शिकविण्याचे काम पत्करले. तेथे मुलांचे मास्तर असलेले गडकरी स्वतः रंगभूमीचे विद्यार्थी झाले. कोणत्या वाक्याला प्रेक्षक हसतात व कोणत्या प्रसंगी सभागृह निःशब्द होते, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. ते नाटक मंडळीच्या सहवासातच मिळते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना ते गुरुस्थानी मानीत.

‘गोविंदाग्रज’ या नावाने त्यांनी कविता लिहिल्या आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख. प्रेमसंन्यास, पुण्यप्रभाव, एकच प्याला व भावबंधन ही त्यांची चार नाटके रंगभूमीवर गाजली. राजसंन्यास मात्र अपुरेच राहिले.

यांपैकी ‘एकच प्याला’ची कथा हृदय हेलावून सोडणारी आहे. सुधाकर हा बुद्धिमान, पण मानी वकील. न्यायालयात झालेला अपमान त्याला सहन होत नाही. दुःख विसरण्यासाठी तो तळीरामाच्या नादाने दारूचा पहिला प्याला घेतो. ‘एकाच प्याल्याने काय बिघडते?’ असे त्याला वाटते. पण त्या एकापाठोपाठ दुसरा येतो, आणि पाहता पाहता अब्रू, धंदा व संसार सारे त्यात बुडते. त्याची साध्वी पत्नी सिंधू लोकांचे दळण दळून पोट भरते, तरीही घर वाचत नाही. तळीरामाच्या बाष्कळ मंडळाला प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि थोड्याच वेळात त्याच डोळ्यांत पाणी उभे राहते. हसू व आसू एकाच नाटकात गुंफण्याचे हे सामर्थ्य शेक्सपिअरच्या ठायीही होते.

गडकऱ्यांना क्षयाने गाठले. विदर्भातील सावनेर येथे ते भावाकडे आले. देह झिजत होता, पण लेखणी थांबली नाही. ‘भावबंधन’ त्यांनी तशा स्थितीतही पूर्ण केले. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला. बालगंधर्व सिंधू झाले होते आणि गणपतराव बोडस सुधाकर. तो पाहण्यास नाटककार मात्र उरला नव्हता!

मुलांनो, चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की आजही गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. व्यसनाने मोडलेला संसार हा विषय तेथील मंडपातही अनोळखी नाही. याच गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली. सुधाकर शंभर वर्षांपूर्वी रंगमंचावर आला. पण पहिल्या प्याल्याचा मोह अजून सरलेला नाही. म्हणूनच गडकऱ्यांचे हे नाटक जुने झाले नाही. पहिला प्याला दूर सारण्याचे बळ ज्याच्या अंगी आहे, त्याला दुसऱ्याचे भय नाही.

स्वाध्याय

१. शेक्सपिअर व गडकरी यांच्या जीवनातील दोन साम्ये लिहा.
२. सुधाकराच्या अधःपाताची सुरुवात कशी झाली?
३. ‘पाहता पाहता’, ‘वाट अडविणे’, ‘पोट धरून हसणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.