थंडीतले पडसे आणि घरातले तान्हे मूल



गव्हाणीत मोळी पडते, कारखान्याचा भोंगा वाजू लागतो, आणि त्याच सुमारास आपल्याकडे थंडीही पडू लागते. पुढचे तीन-चार महिने कुणालाच उसंत नसते. कुणाची तोड आलेली असते, कुणी रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी देत असतो, कुणी खोडव्याच्या मागे असतो. अशा गडबडीत घरात कुणी शिंकले, खोकले, तर त्याकडे बघायला वेळ कुणाला? "थंडी लागली असंल, जाईल दोन दिसांत," असे म्हणून आपण कामाला लागतो. शंभरातल्या बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण सगळ्याच वेळा ठरत नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

आमच्याच ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. आठ महिन्यांचा नातू तीन दिवस सर्दीने बेजार होता. आजी म्हणाली, "सुनेनं दही खाल्लं, ते बाळाला बाधलं." आजोबा म्हणाले, खिडकीतून वारे आले. खिडकी लावली, बाजेखाली शेगडी ठेवली, नाकात तेलाचे दोन थेंब सोडले. त्या दिवशी आम्हीही तिथे चहाला बसलो होतो आणि आम्हीही "काय नाही, थंडीच हाय" असेच म्हणून उठलो. पहाटे बाप पाणी देऊन घरी आला. पोर दूध ओढत नव्हते, त्याचे पोट भात्यासारखे वरखाली होत होते. त्याने तसेच मोटारसायकलवर घालून दवाखाना गाठला. न्यूमोनिया झाला होता. वेळेत पोहोचल्यामुळे पोर वाचले. त्या घरात माया कमी नव्हती, फक्त माहिती नव्हती. आमच्याजवळही नव्हती. ती आता नीट करून घेऊ.

सर्दी येते कुठून?

सर्दी ही थंडीने, दह्याने किंवा पेरूने होत नाही. ती विषाणूंमुळे होते. हे विषाणू एक-दोन नव्हेत, दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. म्हणूनच एकदा सर्दी होऊन गेली तरी पुन्हा होते, आणि लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी झाली तरी त्यात नवल नसते.

इंग्लंडमध्ये सॅलिस्बरी गावाजवळ १९४६ साली केवळ सर्दीचा अभ्यास करण्यासाठी एक केंद्र काढले होते. ते १९९० पर्यंत चालले. तिथे आपणहून आलेल्या काही माणसांना ओल्या कपड्यांत गार वाऱ्यावर उभे केले. ज्यांना नुसताच गारठा दिला, विषाणू दिला नाही, त्यांच्यापैकी कुणालाही सर्दी झाली नाही. बी पेरल्याशिवाय नुसत्या पाण्याने पीक येत नाही, तसेच हे.

मग थंडीतच सर्दी का वाढते? कारणे साधी आहेत. थंडीत आपण दारे-खिडक्या लावून एका खोलीत दाटीने झोपतो, त्यामुळे एकाचा श्वास दुसऱ्याला मिळतो. हवा कोरडी असते. नाक गार पडले की नाकातला प्रतिकार थोडा ढिला पडतो, असेही अलीकडचे अभ्यास सांगतात. तेव्हा पोरांना स्वेटर, कानटोपी जरूर घाला, तान्ह्याला ऊब द्याच. पण कानटोपी घातली म्हणजे सर्दी येणार नाही, असे समजू नका. सर्दी कानातून शिरत नाही. ती दुसऱ्या माणसाकडून येते, शिंकेच्या तुषारातून आणि हातावरून.

हाताची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपण हाताने नाक पुसतो, तोच हात दाराच्या कडीला, तांब्याला, मोबाईलला लागतो, आणि त्याच हाताने बाळाचा गालगुच्चा घेतो. बाळ हात तोंडात घालते. झाले, सर्दी पोहोचली.

घरात काय करावे

पहिली गोष्ट, साबणाने हात धुणे. रानातून आल्यावर, नाक शिंकरल्यावर आणि बाळाला घेण्याआधी. नुसते पाण्याखाली धरून नव्हे, तर साबण लावून वीस सेकंद चोळून. २०२०-२१ च्या कोरोनाच्या साथीत आपण सगळे हे शिकलो होतो. साथ ओसरली तशी सवयही गेली. ती परत आणायला पैसा लागत नाही.

दुसरी, खोकताना-शिंकताना तळहात तोंडावर न धरता कोपराच्या खोबणीत खोकावे. उपरणे किंवा पदर वापरला तर तो रोज धुवावा.

तिसरी, ज्याला सर्दी झाली आहे त्याने तान्ह्याचे लाड चार दिवस लांबूनच करावेत. पाहुणे-रावळे बाळाचा मुका घेऊ लागले तर संकोच न करता सांगावे. सर्दी खुद्द आईलाच झाली असेल, तर तिने नाकातोंडाला स्वच्छ फडके बांधावे, हात धुवावेत आणि अंगावर पाजत राहावे. पाजणे बंद करू नये. आईच्या दुधातूनच बाळाला रोगाशी झुंजण्याचे बळ मिळते. पहिले सहा महिने तर आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको.

चौथी, खोलीत हवा खेळती ठेवावी. बाळाच्या अंगावर थेट वारे येऊ देऊ नये, पण समोरची खिडकी थोडी उघडी असावी.

पाचवी गोष्ट धुराची. घरात गॅस आला तरी आंघोळीचे पाणी चुलीवर किंवा बंबात तापते. कुठे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असते, कुठे बाळाला धुरी देतात. धुराने लहान मुलाच्या श्वासनळीचे अस्तर दुखावते आणि न्यूमोनियाला वाट मोकळी होते. बंद खोलीतल्या शेगडीचा तर विषारी वायूही साचतो, त्याला वास नसतो आणि त्याने झोपेतच माणूस दगावतो. विडी-सिगारेटही घराबाहेरच बरी. आणि उसाचे पाचट पेटवू नका, हे आपण जमिनीसाठी नेहमी सांगतो. आता पोरांच्या छातीसाठीही सांगतो. पाचट सरीत कुजवावे.

सहावी, लसी. सरकारी लसीकरणात न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरची न्यूमोकोकल लस फुकट मिळते. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत देतात. पेंटाव्हॅलंट सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, तर गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर व पुढे दीड वर्षाच्या सुमारास. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया फार वाईट, म्हणून तीही चुकवू नये. घरातल्या म्हाताऱ्या आणि दमेकरी माणसांनी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

काय करू नये

सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, कारण ते औषध जंतूंवर आहे, विषाणूंवर नाही. "डॉक्टर, एक सुई मारा" असा आग्रह धरू नये.

खोकल्याची बाटली दुकानातून आणून लहान मुलाला पाजू नये. सर्दीच्या औषधातले एक नेहमीचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत, असे राज्यांना कळवले. त्याच सुमारास मध्यप्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने अनेक लहान मुले दगावली होती. एवढे ऐकूनही आपण बाटली आणणार असलो, तर काय म्हणावे?

बाळाच्या नाकात तेल सोडू नये. ते फुफ्फुसात उतरले तर त्यानेच न्यूमोनिया होतो. नाक चोंदले असेल तर दवाखान्यात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब सोडावेत. कापूर व तीव्र वासाचे बाम तान्ह्याला चोळू नयेत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोराला वाफ देऊ नये. पातेले कलंडून भाजण्याचा धोका त्यात मोठा आहे. वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवू नये. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध दिला तर खोकल्याला उतार पडतो. मोठ्यांनी आल्याचा चहा, हळद-दूध जरूर घ्यावे, घशाला आराम मिळतो.

श्वास मोजायला शिका

आता या लेखातला मुख्य धडा. सर्दी कुठे संपते आणि न्यूमोनिया कुठे सुरू होतो, हे घरच्या घरी ओळखता येते. त्याला यंत्र लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या साध्या माणसांना आणि सुईणींना मुलांचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने निम्म्यावर आले. हा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. कमी शिकलेल्या सुईणीला जे जमले, ते आपल्याला न जमायला काय झाले?

रीत अशी. बाळ शांत असताना किंवा झोपलेले असताना मोजावे. रडताना, पिताना मोजू नये. अंगावरचा कपडा वर सारून पोट-छाती उघडी करावी. एक वेळ वर येऊन खाली गेले की एक श्वास. मोबाईलवर वेळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील, तर पुन्हा एकदा मोजावे. तेवढेच आले तर तो धोका.
दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा जास्त, तर धोका.
एक ते पाच वर्षे : ४० किंवा जास्त, तर धोका.

याखेरीज श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जाणे, म्हणजे आपल्याकडे "पोट उडतंय" किंवा "डबा झालाय" म्हणतात ते, बाळ पाजून न घेणे, सगळे ओकून टाकणे, झटके येणे, हाक मारूनही डोळे न उघडणे, ओठ निळे पडणे. यातले एकही दिसले तर अंगारा, डाग, शेक यांत घटकाही घालवू नये. पोटावर डाग दिल्याने पोट उडायचे थांबत नाही, पोराला जखम मात्र होते. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, अंग गार पडले किंवा दूध तोडले, तर श्वास मोजत बसण्याचीही गरज नाही, सरळ दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा, रुग्णवाहिका फुकट येते.

फडावरची पोरे

आपला ऊस ज्यांच्या कोयत्याने तुटतो, ती माणसे बीडसारख्या लांबच्या जिल्ह्यांतून पोराबाळांसह येतात. आपली पोरे पक्क्या घरात झोपतात, त्यांची कोपीत. पहाटे आईबाप फडात गेले की तान्हे उसाच्या सरीत किंवा पाच-सात वर्षांच्या बहिणीच्या काखेत असते. कोपीतच चूल, कोपीतच धूर. सर्दी तिथेही तीच, पण तिचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही, आणि आईला "आज खाडा नको" म्हणून दवाखाना उद्यावर टाकावा लागतो.

सभासदांना आमचे मागणे मोठे नाही. आपल्या रानात टोळी उतरली की चूल कोपीबाहेर मांडायला दोन पत्र्यांचा आडोसा द्यावा. एक साबणवडी आणि हात धुण्यापुरते पाणी द्यावे. टोळीत तान्हे मूल असेल तर गावच्या आशाताईंच्या कानावर घालावे. लसीचे कार्ड दुसऱ्या जिल्ह्यातले असले तरी लस इथल्या सरकारी केंद्रात मिळते, हे त्या आईला सांगावे. आणि मुकादमाला बजावून ठेवावे, की पोर आजारी असेल त्या दिवशी कोयता थांबला तरी चालेल. एक दिवस गाडी कमी भरली तर उतारा बुडत नाही.

हा अंक वाचून झाल्यावर तो कपाटात टाकू नका. श्वासांचे आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाळण्याजवळच्या भिंतीला चिकटवा, आणि आज रात्री घरातले लहान मूल झोपले की एकदा त्याचा श्वास मोजून पाहा. ते धडधाकट असतानाच मोजा. म्हणजे नेहमीचा श्वास कसा असतो ते कळेल, आणि बिघडला तर पहाटेची वाट बघत बसावे लागणार नाही.