दाखल्यावरची रेघ

प्रस्तावना

प्रवेश अर्ज, गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा अशी कागदपत्रे आता अनेक ठिकाणी संगणकामार्फत पाठवावी लागतात. त्यासाठी छपाई, छायाप्रत आणि स्कॅनिंग ही तिन्ही कामे करणारे यंत्र काही घरांत आलेले आहे. हे यंत्र ऐनवेळी बिघडले की आपण गोंधळून जातो. बिघाड नेमका कोठे आहे आणि त्यातील किती भाग घरच्या घरी दूर करता येतो, हे प्रस्तुत पाठात एका अनुभवाच्या आधारे पाहू.

मूळ पाठ

आमच्या शेजारच्या वहिनींनी वयाच्या चाळिशीनंतर दहावीच्या परीक्षेस बसण्याचे ठरविले. अर्जाची मुदत संपण्यास एक दिवस उरला असताना त्या आपला शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आमच्या घरी आल्या. मी तो यंत्राच्या माथ्यावरील फीडरमध्ये सरकवला. पडद्यावर चित्र उमटले आणि आम्ही दोघेही पाहत राहिलो. कागदाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक काळी उभी रेघ गेली होती. दाखल्यावर अंक इंग्रजी पद्धतीने लिहिलेले होते. १९८३ मधल्या शेवटच्या तिनाला ती रेघ डावीकडून असा काही टेकली होती, की तो आठ वाटावा.

"भाऊजी, ही रेघ माझ्या दाखल्यावर नाही हो! तुमच्या मशीनने काढली," वहिनी म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे खरे होते. जन्मवर्ष चुकीचे वाचले गेले असते, तर अर्ज अडकण्याची भीती होती.

अशा वेळी यंत्र उघडायला धावू नये. आधी दोषाची जागा ठरवावी. मी संगणकावरून एक कोरा मजकूर छापला. तो स्वच्छ आला. म्हणजे शाई आणि छपाईचा भाग निर्दोष होता. नंतर संगणकाचा संबंध न ठेवता यंत्रावरचेच बटण दाबून दाखल्याची छायाप्रत काढली. तीवर रेघ होती. म्हणजे दोष संगणकात किंवा जोडणाऱ्या तारेत नव्हता. (याच्या उलट, छायाप्रत नीट निघते पण चित्र संगणकात पोहोचत नाही, असे झाल्यास तार, वायफाय किंवा संगणकातील ड्रायव्हर तपासावा. यंत्र आणि संगणक दोन वेगळ्या वायफायवर असणे, हे एक नेहमीचे कारण आहे.) शेवटी दाखला फीडरमधून काढला आणि झाकण उचलून मोठ्या काचेवर पालथा ठेवला. रेघ नाहीशी झाली! वहिनींचे काम तेथेच झाले. खरे तर जुना, घड्या पडलेला कागद फीडरमध्ये घालणे हाच माझा आळस होता. असा कागद रोलरमध्ये अडकून फाटू शकतो.

परंतु एकाच यंत्रात एकीकडे रेघ यावी आणि दुसरीकडे येऊ नये, याचे कारण काय?

मोठ्या काचेवर कागद स्थिर असतो आणि काचेखालून प्रकाश देणारी व टिपणारी पट्टी सरकत जाते. या पट्टीला आपण संवेदक म्हणू. फीडरमध्ये नेमके उलट घडते. संवेदक एका जागी थांबतो आणि कागद त्याच्यावरून ओढला जातो. त्या जागी मोठ्या काचेच्या बाजूला बोटभर रुंदीची एक वेगळी अरुंद काच असते. मोठ्या काचेवर धुळीचा कण पडला, तर चित्रात एक ठिपका दिसतो. अरुंद काचेवर तोच कण पडला, तर संवेदक त्याला कागदाच्या प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा पाहतो. हे सारे ठिपके एकाखाली एक येतात आणि त्यांची रेघ बनते.

कण किती मोठा असावा लागतो? कागदपत्रांसाठी साधारणतः एका इंचात ३०० बिंदू या प्रमाणात स्कॅन करतात. म्हणजे एक बिंदू मिलीमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. ए-४ आकाराच्या कागदाचे या हिशेबाने २४८० आडवे आणि ३५०८ उभे बिंदू होतात. अमेरिकेत रसेल कर्श यांनी १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात घेतले, तेव्हा ते अवघे १७६ बाय १७६ बिंदूंचे होते. आजचा स्कॅनर इतके बारीक पाहतो, म्हणून डोळ्यांना सहज न दिसणारा कणही २९७ मिलीमीटर लांबीची रेघ काढू शकतो.

मी यंत्र बंद केले, वीजजोडणी काढली आणि विजेरीचा उजेड त्या अरुंद काचेवर तिरपा धरला. मोहरीहून लहान असा एक पिवळसर डाग दिसला. आदल्या आठवड्यात मुलीने छायाचित्र चिकटवलेला अर्ज डिंक ओला असतानाच फीडरमध्ये घातला होता! व्हाइटनर लावलेले कागदही असाच प्रताप करतात.

धागे न सोडणारे मऊ फडके पाण्याने किंचित ओले करून मी ते डागावर दोन मिनिटे धरले. डाग मऊ झाल्यावर जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने हलकेच सरकवला आणि कोरड्या फडक्याने काच पुसली. ब्लेड वापरल्यास काचेवर ओरखडा पडतो, आणि ओरखड्याची रेघ मग कायमची. पाणी काचेवर थेट ओतू किंवा फवारू नये. ते कडेच्या फटीतून आत उतरते. काचेच्या समोर, झाकणाच्या बाजूला असलेली पांढरी पट्टीही मी पुसून घेतली.

फीडर एका वेळी दोन कागद ओढत असेल किंवा कागद घेतच नसेल, तर रबरी रोलर धुळीने गुळगुळीत झालेला असतो. तोही ओलसर फडक्याने फिरवून पुसावा. मोठ्या काचेवरूनही रेघा येत असतील, तर धूळ काचेच्या आतल्या बाजूस असण्याची शक्यता आहे. संवेदक कर्कश आवाज करून जागीच अडत असेल, तर यंत्र बंद करून काही वेळाने एकदा सुरू करून पाहावे. या दोन्ही प्रसंगी, माझ्या मते, पुढचे काम कारागिरावर सोपवावे. आत कागदासारखी पातळ, चपटी तार असते. ती एकदा दुमडून तुटली की किरकोळ दुरुस्ती महागात पडते. हमीचा काळ शिल्लक असताना स्क्रू उघडणे तर टाळावेच.

संध्याकाळी फीडरमधून एक कोरा कागद काढून पाहिला. तो कोराच आला. वहिनी मात्र आपल्या गुणपत्रिका घेऊन दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा त्यांनी फीडरकडे पाहिलेही नाही. सरळ झाकण उचलले.

पाठगत प्रश्न

१. यंत्रावरचेच बटण दाबून छायाप्रत काढल्याने लेखकाला काय कळले?
२. एकच कण मोठ्या काचेवर ठिपका आणि अरुंद काचेवर रेघ का निर्माण करतो, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. छपाई आणि छायाप्रत दोन्हींवर रेघ येत असेल, तर आपण प्रथम कोणता भाग तपासाल? का?