शेलच्या आज्ञेतील दृश्य व अदृश्य चिन्हे

युनिक्स व लिनक्स या प्रणालींत लिहिलेली आज्ञा प्रथम शेलच्या हाती पडते. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बोर्न शेलचे नियम आजच्या ‘बॅश’मध्येही बव्हंशी पाळले जातात. शेल आज्ञा जशीच्या तशी पुढे धाडीत नाही. तीतील विशेष चिन्हांचा अर्थ तो आधी लावतो आणि मगच ती संबंधित कार्यक्रमाकडे सोपवितो.

‘*’ या चिन्हाच्या जागी जुळणाऱ्या सर्व फाइलींची नावे येतात. फाइली पुसण्याच्या आज्ञेपुढे ‘*.जुने’ असे लिहिल्यास तेवढ्याच फाइली जातात. परंतु चुकून ‘* .जुने’ असे लिहिले गेले, तर त्या निर्देशिकेतील साऱ्या दर्शनी फाइली पुसल्या जातात आणि वर ‘.जुने’ नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रारही येते! पुसलेले परत मिळविण्यासाठी येथे कचरापेटीची सोय नाही. म्हणून अशी आज्ञा देण्यापूर्वी तीच नावे ‘एको’ आज्ञेने पडद्यावर पाहून घेणे इष्ट.

मोकळी जागाही विशेष चिन्हच होय. ‘वार्षिक अहवाल’ हे नाव अवतरणचिन्हांवाचून दिल्यास शेल त्याच्या दोन फाइली समजतो. एकेरी अवतरणात सर्व चिन्हे निव्वळ अक्षरे ठरतात; दुहेरी अवतरणात मात्र ‘$’ आपला अर्थ राखते. त्यामुळे फाइलचे नाव साठविणारे चल दुहेरी अवतरणात लिहिण्याची सवय असावी.

अदृश्य नियंत्रण-चिन्हे अधिक फसवी असतात. टेलिप्रिंटरवर गाडा डावीकडे आणणे (संकेतांक १३) व कागद एक ओळ सरकविणे (संकेतांक १०) ही दोन स्वतंत्र कामे होती. विंडोजच्या मजकुरात ओळीअखेर ही दोन्ही चिन्हे असतात, तर लिनक्सला केवळ दुसरे लागते. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ‘#!’ या आरंभीच्या ओळीतील नावाला १३ क्रमांकाचे चिन्ह चिकटते आणि डोळ्यांसमोर असलेला कार्यक्रम प्रणालीला सापडेनासा होतो. ‘कॅट’ आज्ञेला ‘-व्ही’ हा पर्याय जोडल्यास हे चिन्ह ‘^एम’ असे उघड दिसते. ‘डॉस-टू-युनिक्स’ हा कार्यक्रम ते काढून टाकतो.

कळफलकावरील कंट्रोल-सीने चालू काम थांबते. अर्धवट राहिलेल्या तात्पुरत्या फाइली आवरण्यासाठी स्क्रिप्टमध्ये ‘ट्रॅप’ आज्ञेची तरतूद करता येते. कंट्रोल-एस चुकून दाबले गेल्यास पडदा गोठतो व नवशिका यंत्र बंद पडले असे समजून ते बंद करावयास धावतो. वास्तविक कंट्रोल-क्यू दाबताच मजकूर पुन्हा वाहू लागतो.