येरवड्याच्या भिंतीपलीकडचे आपले माणूस





दिघीहून आळंदी रस्त्याने पुण्याकडे निघाले की विश्रांतवाडीनंतर येरवडा लागतो. १८७१ साली उभारलेले मध्यवर्ती कारागृह तेथे आहे. कामाला, दवाखान्यात किंवा बाजाराला जाताना आपण त्या बाजूने अनेकदा जातो. बहुतेकांना ती फक्त एक उंच भिंत वाटते. काही घरांसाठी मात्र ती भिंत म्हणजे मुलाचा, नवऱ्याचा किंवा भावाचा पत्ता असतो. अशी घरे सहसा बोलत नाहीत. 'तो गल्फला गेलाय', 'गावाकडे असतो' असे सांगून वेळ मारून नेतात. मिस्साला मागच्या बाकावर बसतात आणि शेवटच्या आशीर्वादाआधीच निघून जातात. आजचा पाठ आधी त्यांच्यासाठी आणि मग आपणा सर्वांसाठी आहे.

१. प्रभू आपल्याकडून काय मागतो?

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ वा अध्याय आपण सर्वांनी ऐकला आहे. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा सहा गोष्टी विचारतो. नीट वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. भुकेल्याला अन्न दिले की त्याची भूक भागते. उघड्याला वस्त्र दिले की त्याचे अंग झाकले जाते. तुरुंगातल्या माणसाच्या बाबतीत मात्र त्याला सोडवलेत का, असे प्रभू विचारत नाही. त्याच्याकडे आलात का, एवढेच तो विचारतो.

हा फार मोठा दिलासा आहे. तुरुंगातल्या मुलाची आई नेहमी म्हणते, "फादर, मी काय करणार? माझ्या हातात काय आहे?" सुटका न्यायालयाच्या हातात आहे, पण जाणे तिच्या हातात आहे. प्रभूने तेवढेच मागितले आहे आणि त्याची मोजदाद स्वतःच्या खात्यावर ठेवली आहे.

२. तुरुंगातून आलेले एक पत्र

घरी गेल्यावर तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र काढा. फक्त चार अध्याय आहेत. रोमच्या तुरुंगातील एका वृद्ध कैद्याने ते लिहिले आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. मग त्यातल्या लहानसहान गोष्टी बोलू लागतात.

पहिल्या अध्यायात अनेसिफर नावाचा एक गृहस्थ भेटतो. तो रोमला आला आणि पौल कुठे आहे हे ठाऊक नसताना शोधत शोधत त्याच्यापर्यंत पोहोचला. पौलाच्या साखळ्यांची त्याला लाज वाटली नाही. बायबलमध्ये या माणसाचे दुसरे कोणतेही मोठे काम नोंदलेले नाही. तेवढ्यावरच त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले.

चौथ्या अध्यायात पौल अगदी घरगुती मागण्या करतो. त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके आण, आणि थंडी पडण्याआधी पोहोच, असे तो तीमथ्याला सांगतो. पहिल्या सुनावणीला आपल्या बाजूने कोणीही उभे राहिले नाही, हेही तो लपवत नाही. एवढा मोठा प्रेषित, पण त्यालाही थंडी वाजते, वाचायला हवे असते, माणूस हवे असते. तुरुंगातल्या माणसाच्या गरजा तेव्हाही याच होत्या आणि आजही याच आहेत.

३. नंबर आणि नाव

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक विचारवंताची ओळख होते. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसच्या कचेरीत होता. बेपत्ता सैनिकांची चौकशी करायला घरचे लोक येत आणि प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड असे. समोर बसलेल्या आईशी किंवा पत्नीशी बोलता बोलता ते कार्ड कार्ड राहत नसे, त्यातून माणूस उभा राहत असे. या अनुभवाने मार्सेलचे सारे चिंतन घडवले. माणूस म्हणजे सोडवायचे प्रकरण नव्हे, त्याच्याशी निष्ठेने जोडलेले राहायचे असते, हे त्याने पुढे आयुष्यभर मांडले.

तुरुंगाच्या दारात माणसाला बंदी क्रमांक मिळतो. कारभारासाठी तो लागतोच. पण वर्षानुवर्षे फक्त नंबराने हाक ऐकली की माणूस स्वतःलाही नंबर समजू लागतो. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांना आउशवित्झच्या छळछावणीत १६६७० हा नंबर मिळाला होता. १९४१ मध्ये उपासमारीने मारण्यासाठी निवडलेला एक कैदी बायकोमुलांच्या आठवणीने रडू लागला, तेव्हा कोल्बे पुढे झाले आणि त्याच्या जागी गेले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना त्या माणसात नंबर दिसला नाही, घरी कोणीतरी वाट पाहत असलेला बाप दिसला.

आजच्या पाठाचा गाभा हाच आहे. आपले पत्र, आपली भेट आत एकच निरोप नेते: घरात तुझी जागा अजून तुझीच आहे. तू अजून आमचा बाबा आहेस, दादा आहेस, मुलगा आहेस.

४. पत्र कसे लिहावे?

'तू असे का केलेस' आणि 'आमचे कसे हाल चाललेत' या दोनच विषयांवर पत्र लिहू नका. घरचे साधे लिहा. धाकटीला गणितात किती मार्क पडले, पावसात छत कुठे गळले, नाताळच्या करंज्या कोणी केल्या. आणि त्याचे मत विचारा. मुलीला कॉमर्सला घालू की आयटीआयला? मोटरसायकल विकू की ठेवू? ज्याला कोणी काही विचारत नाही, तो हळूहळू घरातून पुसला जातो. ज्याला विचारले जाते, तो घरात असतो.

याच येरवड्यातून १९३० साली गांधीजी साबरमती आश्रमाला दर आठवड्याला पत्र लिहीत. मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर ते लिहिले जाई. तुरुंगाला ते 'मंदिर' म्हणत. त्या पत्रांत तुरुंगाचे रडगाणे नसे, आश्रमातील व्रतांचे विवेचन असे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आतल्या माणसाला आठवते ते घरच. म्हणून त्याच्यापर्यंत घर पोहोचू द्या.

फादर स्टॅन स्वामी यांचे उदाहरण आपल्या काळातले आहे. ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली आणि तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. वय ८३ आणि कंपवाताचा आजार, त्यामुळे पेला धरणेही अवघड. तेथून आपल्या जेझुइट बांधवांना पाठवलेल्या मजकुरात त्यांनी जेवायला, आंघोळीला मदत करणाऱ्या सोबतच्या कैद्यांबद्दल लिहिले आणि त्यांच्यासाठी प्रार्थना मागितली. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आत असलेला माणूस फक्त घेणारा नसतो, देऊही शकतो, हे त्यांच्या पत्रांतून कळते.

एक सावधगिरी. तुरुंगातील पत्रे अधिकारी वाचतात. म्हणून खटल्याची चर्चा पत्रात करू नका, ती वकिलाबरोबरच करा. पाकिटावर पूर्ण नाव आणि बंदी क्रमांक स्पष्ट लिहा.

५. भेट, फोन आणि हक्क

भेटीला तुरुंगाच्या भाषेत 'मुलाखत' म्हणतात. जाताना आधार कार्ड किंवा दुसरे ओळखपत्र बरोबर ठेवा. सरकारच्या ई-मुलाकात सेवेवर आधी नाव नोंदवता येते. मोबाईलवर जमत नसेल तर आपल्या युवकांना सांगा, पाच मिनिटांचे काम आहे. कच्च्या कैद्याचे आणि शिक्षा झालेल्याचे नियम वेगळे असतात, म्हणून पिशवी भरण्याआधी काय चालते ते मुलाखतीच्या खिडकीवर विचारा. मार्च २०२० मध्ये करोनामुळे मुलाखती बंद झाल्या, तेव्हा व्हिडिओ कॉलची सोय झाली. २०२३ मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डवर चालणारे फोनही आले.

काचेपलीकडची वेळ थोडी असते. पहिली दोन मिनिटे रडण्यात गेली तरी चालतील, पण काय बोलायचे ते घरून ठरवून जा. निघताना पुढच्या भेटीचा दिवस सांगा, आणि सांगितलेला दिवस पाळा. आत असलेला माणूस दिवस मोजत असतो.

कुटुंबाला भेटणे ही मेहरबानी नव्हे. फ्रान्सिस कोराली मलिन प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थानबद्ध माणसाने कुटुंबाला आणि वकिलाला भेटणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याआधी १९६५ साली आपल्या महाराष्ट्रातले प्रभाकर संझगिरी यांचे प्रकरण गाजले. स्थानबद्धतेत त्यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिले आणि ते छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या, असे म्हटले. सरकारने नकार दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

२०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्या चारांपैकी तीन माणसे कच्चे कैदी होती, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी आत राहू नये. कोठडीतील प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. शिक्षा झालेल्यांसाठी फर्लो आणि पॅरोल अशा रजा असतात. त्यासाठी घरच्यांचा पत्ता आणि जबाबदारी घेणारे माणूस लागते. ज्याचे घर तुटले, त्याची ही वाटही अवघड होते.

६. मुलांना काय सांगावे?

मुलांना खोटे सांगू नका. आज ना उद्या शाळेत कोणीतरी सांगतेच, आणि मग वडील गेल्याच्या दुःखात आईने फसवल्याचे दुःख मिळते. वयाला झेपेल एवढे खरे सांगा: 'बाबांवर आरोप आहे. निकाल लागेपर्यंत त्यांना तिथे राहावे लागेल. ते तुला विसरलेले नाहीत, आणि यात तुझी काहीच चूक नाही.' शेवटचे वाक्य विसरू नका, कारण मुले गुपचूप स्वतःला दोष देत असतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढून पाठवावे. महाराष्ट्रातील तुरुंगांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम झाला. त्यात कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेऊ दिले गेले. काचेतून बोलणे आणि कुशीत घेणे यांत किती अंतर आहे, हे त्या बापांना विचारावे.

७. आणि गुन्ह्याचे काय?

काहीजण म्हणतील, "फादर, ज्यांचे नुकसान झाले त्यांचे काय?" प्रश्न रास्त आहे. नाते टिकवणे म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे. फिलेमोनाला लिहिलेले पत्रही पौलाने तुरुंगातूनच पाठवले. पळून गेलेल्या अनेसिमाला भाऊ म्हणून स्वीकार, असे तो सांगतो, पण नुकसान झाले असेल तर ते माझ्या नावावर मांड, असेही म्हणतो. तो नुकसान नाकारत नाही. जवळच्या माणसाने सत्य सांगितले तरच आतला माणूस ते ऐकू शकतो, कारण ते त्याला टाकून देण्यासाठी सांगितलेले नसते.

ज्या घरात मार किंवा अत्याचार सोसलेली स्त्री अथवा मूल आहे, त्यांच्यावर मात्र भेटीला जाण्याची कोणीही सक्ती करू नये. तेथे ते कर्तव्य इतर नातलगांचे आणि धर्मग्रामाचे आहे. त्या स्त्रीचे पहिले कर्तव्य स्वतःला आणि लेकरांना सुरक्षित ठेवणे हे आहे.

८. आपण सर्वजण

भारतीय चर्च ऑगस्टचा दुसरा रविवार तुरुंगसेवेसाठी पाळते. २६ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रेबिबिया तुरुंगात ज्युबिलीचे पवित्र द्वार उघडले. आपल्या वाट्याचे दार इतके मोठे नाही, ते शेजारच्या घराचे आहे. तेथे जाऊन 'काय केलं हो त्याने?' असे विचारू नका. 'मुलाखतीला एकट्या जाऊ नका, मी येते' असे म्हणा. त्यांच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर प्रश्नोत्तरीच्या वर्गाला न्या. लहान ख्रिस्ती समूहाची प्रार्थना त्यांच्याही घरी ठेवा. ज्यांना फी, वकील किंवा नुसते मन मोकळे करण्याची अडचण आहे, त्यांनी माझ्याकडे यावे. गोष्ट माझ्यापाशीच राहील.

मननासाठी प्रश्न

१. कोणाच्या साखळ्यांची मला लाज वाटते?
२. माझ्या ओळखीच्या कोणत्या घरी या आठवड्यात जाता येईल?
३. दुरावलेल्या कोणत्या माणसाला मी आज चार ओळी लिहू शकतो?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तुलाही बांधून नेले आणि तुझे मित्र पळाले. तुझी आई मात्र क्रुसाखाली उभी राहिली. आत असलेल्यांना आशा दे, बाहेर वाट पाहणाऱ्यांना बळ दे, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना न्याय दे, आणि आम्हांला त्यांच्या दारापर्यंत जाण्याचे धैर्य दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू