सहीआधी आकडा वाचा

महिन्याच्या सात तारखेला दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की मुनीमकाका पगाराची वही उघडायचे. माझ्या ओळीवर डावा पंजा पालथा ठेवायचे. सहीपुरती जागा तेवढी मोकळी. "करा ताई सही, मागे अजून बायका थांबल्यात." मी सही करायचे, 6,000 रुपये मोजून पिशवीत घालायचे आणि घरची वाट धरायचे. त्या पंजाखाली काय लिहिलंय, हे चार वर्षांत एकदाही विचारलं नाही.

तालुक्याच्या बाजारपेठेतलं कापडाचं दुकान. सकाळी दहाला जायचं, रात्री साडेआठला सुटायचं, लग्नसराईत दहा वाजायचे. साड्या उलगडून दाखवायच्या, गिऱ्हाईक गेलं की सगळ्यांच्या पुन्हा घड्या घालायच्या. कष्टांबद्दल माझी तक्रार नव्हती. पगार शेठनी पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि मी मान डोलावली होती. आपण कबूल झालो म्हणजे तेवढाच आपला हक्क, अशी माझी समजूत. ती समजूत मला फार महागात पडली.

2019 च्या दिवाळीला नणंद आली. तीही दुकानातच काम करते, पण पुण्याला. बोलता बोलता तिनं पगाराची स्लिप दाखवली. मूळ वेतन, त्याखाली विशेष भत्ता, मग कपात. "वहिनी, तुझी स्लिप कुठाय?" मला स्लिप म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. तिनं मोबाइलवर आमच्या भागाचा सरकारी दर काढला. पुण्यापेक्षा तो कमी होता, तरी माझ्या पगारापेक्षा जवळजवळ अडीच हजारांनी जास्त.

त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की किमान वेतन ही शेठची मर्जी नव्हे. 1948 पासून त्याचा कायदा आहे. आपल्या राज्यात उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि काम कुशल, अर्धकुशल की अकुशल यानुसार दर ठरतात. त्यावर महागाईशी जोडलेला विशेष भत्ता असतो; तो जानेवारीत आणि जुलैत बदलतो. मूळ दर अधिक विशेष भत्ता, इतके पैसे मिळालेच पाहिजेत. दुकानात दोनच माणसं असली तरी. "धंदा मंदा आहे" हेही कारण चालत नाही. केरळातल्या कौल कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्येच सांगितलं की मालकाची ऐपत हा किमान वेतनाचा निकष नाही. आणि 1982 मध्ये, दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणं म्हणजे वेठबिगारीच, असं न्यायालयानं म्हटलं. वेठबिगारी म्हटलं की मला जुन्या काळातले गडी आठवायचे. आपणही त्याच रांगेत उभ्या आहोत, हे वाचून पोटात गलबललं.

मी आणि आणखी दोघीजणी कामगार अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी दुकानाची वही मागवली. तेव्हा तो पंजा पहिल्यांदा बाजूला झाला. वहीत दर महिन्याला पूर्ण सरकारी दर लिहिलेला, आणि त्यापुढे माझी सही. एक नाही, अठ्ठेचाळीस. घेतले 6,000, पण जास्तीचे मिळाले असं मी स्वतःच्या हातानं लिहून देत आले होते.

आमची बाजू तगली ती भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे. दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी मी माझे खाडे, उशिरा सुटल्याची वेळ आणि हातात पडलेले पैसे टिपून ठेवायची. तिघींचे जबाब त्याच्याशी जुळले आणि शेठ तडजोडीला तयार झाले. पण त्या वेळच्या कायद्यानं दावा सहा महिन्यांच्या आत करायला हवा होता, आणि उशिराचं पटण्याजोगं कारण माझ्याकडे नव्हतं. सहा महिन्यांच्या फरकाचे 15,000 मिळाले. आधीचे बेचाळीस महिने गेले. महिना अडीच हजार धरले तरी एक लाख पाच हजार. पोरीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला ते किती कामी आले असते!

म्हणून माझ्यासारख्या सगळ्यांना कळकळीनं सांगते. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. आता दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, पण मुदत वाढली म्हणून थांबू नका. नोकरीला लागतानाच आपल्या कामाचा, आपल्या भागाचा दर कामगार कार्यालयात विचारून घ्या. रोजंदारीवर असाल तर महिन्याच्या दराला 26 नं भागा. रोजचा आकडा निघेल. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम केलं तर त्या वेळेचा मोबदला दुप्पट दरानं मिळायला हवा. स्लिप मागा, ती देणं मालकाला बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत आणि काम सुटलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब, हाही तुमचा हक्क. ठेकेदारानं पैसे बुडवले तर ज्यांच्या जागेत तुम्ही राबलात त्यांना हात वर करता येत नाहीत.

पगार खात्यात जमा होतो म्हणूनही निर्धास्त राहू नका. काही ठिकाणी पूर्ण रक्कम खात्यात येते आणि दुसऱ्या दिवशी "वरचे दोन हजार काढून आणून द्या" असा निरोप येतो. तो निरोप फोनवर आला असेल तर जपून ठेवा. कमी पैशांवर राजी असल्याचं तुमच्याकडून लिहून घेतलं असेल, तर कायद्यापुढे तो कागद रद्दबातल आहे.

दावा केल्यावर पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. मग तो सगळ्यात आधी काय पुढे करतो? तुमची सही. म्हणून कोऱ्या जागेवर, झाकलेल्या ओळीवर, घाईगर्दीत सही करू नका. आकडा वाचा, हातातले पैसे मोजा, दोन्ही जुळले तरच पेन उचला. हे बोलायला धीर लागतो, मला ठाऊक आहे. एकटीला जमत नसेल तर दोघी-तिघी मिळून जा. आवाज चढवायची गरज नाही. "काका, हात जरा बाजूला घेता का, मला वाचायचंय," एवढं म्हणा. मी हे अठ्ठेचाळीस वेळा म्हणायला हवं होतं.