संध्याकाळचे सात

भाचेबुवा, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलास, गाल भरलेत, डोळ्यांतला पिवळेपणा गेलाय. तुझी आई दिवसातून दहा वेळा काहीतरी निमित्त काढून तुझ्या तोंडाजवळ येते आणि वास घेऊन जाते. घेऊ दे, हक्क आहे तिचा. आता माझं थोडं ऐक. यातलं काही डॉक्टरांकडून कळलेलं आहे, बाकीचं मला कुठून कळलं ते मामीला विचार, ती रंगवून सांगेल.

१. आधी डोक्यात काय झालंय ते समजून घे — नाहीतर उगाच स्वतःला नालायक ठरवत बसशील. मेंदूत शांत करणारा एक निरोप असतो, गाबा नावाचा, आणि जागं ठेवणारा दुसरा, ग्लुटामेट. दारू पहिल्याला वाढवते, दुसऱ्याला दाबते. दार कुणी रोज बाहेरून ढकलत असेल तर आपण आतून पाठ लावून उभे राहतो, तसा मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. बाहेरचा माणूस एकाएकी निघून गेला की आपण दारासकट बाहेर कोसळतो. हाताची थरथर, घाम, झटके, सगळं त्यातलंच.

२. म्हणून पुन्हा कधी लागलीच, तर घरात कोंडून घेऊन एका दिवसात बंद करायची मर्दुमकी नको, सरळ दवाखाना गाठ — झटके शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत येतात, भ्रम आणि बडबड दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि त्यात माणूस दगावतो.

३. बी-१ची गोळी चुकवू नकोस — दारू हे जीवनसत्त्व अंगी लागू देत नाही, आणि ते फार कमी झालं की चालताना तोल जातो, डोळे ठरत नाहीत, आठवण पुसली जाते. डाळी, उसळी, शेंगदाणे जरूर खा, पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद करू नकोस.

४. संध्याकाळी सहाला पोटात काहीतरी पडलंच पाहिजे, पोहे म्हण, चटणी-भाकरी म्हण — तलफ आलीय की भूक लागलीय हे त्या वेळी कळत नाही. उपाशी माणसाला घर लांब, गुत्ता जवळ.

५. गोड खावंसं वाटेल. साखरेचा त्रास नसेल तर पहिले काही आठवडे गूळ-शेंगदाण्याला कुणी नाही म्हणू नये — एका वेळी एकच लढाई.

६. खारे शेंगदाणे, तळलेली डाळ, कांदा-लिंबू मारलेला फरसाण मात्र यंदा घरात नको — पदार्थाचा दोष नाही, पण लिंबाचा वास आला की तुझ्या डोक्यात पुढचा पेला आपोआप भरला जातो.

७. सात ते नऊ ही वेळ आधीच देऊन टाक कुणाला तरी. शेजारच्या पोराचं गणित घे, तालमीत जा, देवळात टाळ धर, काहीही — बाटली एका मिनिटात फेकता येते, बाटलीची वेळ फेकता येत नाही, ती भरावी लागते.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या कितीतरी अमेरिकन सैनिकांना हेरॉइन लागलं होतं. ते परतल्यावर ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा बहुतेकांना घरी गेल्यावर ते पुन्हा लागलं नव्हतं, असं दिसलं. जिथे घेत होते ती जागा, ती माणसं, ती वेळ, सगळं समुद्रापलीकडे राहिलं होतं. तुझं नेमकं उलटं आहे. जिथे प्यायला नाहीस ती जागा तू मागे ठेवून आलास आणि जिथे प्यायलास त्याच गल्लीत परत आलास. केंद्रात ३५ दिवस छान गेले यात तुझा मोठेपणा होताच, पण तिथे कोपऱ्यावर बार नव्हता, हेही लक्षात ठेव.

८. तेव्हा स्टँडवरून येताना मागच्या बोळातून ये, पाच मिनिटं जास्त लागली तरी — पायांना रस्ता पाठ असतो, त्यांना विचारायचंच नाही.

९. पगार झाला की पैसे बायकोच्या खात्यात, आणि फोनवरून पैसे द्यायची सोय काही महिने बंद — खिसा आणि बार यांच्यामध्ये दोन माणसं तरी उभी असावीत.

१०. घरातले पेले, ओपनर, तो 'शोभेचा' बाटलीचा दिवा, सगळं काढ — शोभा कशाची ते सगळ्यांना माहीत आहे.

११. सगळं बेचव लागेल. क्रिकेट, मटण, पोरांचा दंगा, कशातच मजा वाटणार नाही. घाबरू नकोस — आनंदाची ओढ लावणारं डोपामिन रोज पुरासारखं आलं, म्हणून ते झेलणाऱ्या जागा मेंदूनं कमी केल्या. त्या परत वाढतात, पण आठवड्यांत नव्हे, महिन्यांत. दारूनं आकसलेला मेंदू तर पहिल्या महिन्यातच थोडा भरायला लागतो, हे तपासणीत दिसलेलं आहे.

१२. तोवर नोकरी सोडणं, जमीन विकणं, भावाशी वाटणी, यातलं काही करू नकोस — बेचव जिभेनं स्वयंपाकाची परीक्षा करू नये.

१३. 'मेंदूतली रसायनं भरून काढणारं' चूर्ण हजारभर रुपयांना मिळतं, ते घेऊ नकोस — तोंडावाटे घेतलेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. केळ्यातलं सेरोटोनिनही नाही. केळं पोटासाठी खा, सहा रुपयांत काम होतं.

१४. चाल. रोज अर्धा तास, जमलं तर उन्हात — चालण्यानं तलफेचा जोर उतरतो, आणि रात्री झोपेला थोडी मदत होते.

१५. प्राणायाम कर, पण सावकाश. श्वास घ्यायला जेवढा वेळ, त्याहून सोडायला जास्त — लांब उच्छ्वासानं छातीची धडधड खाली येते. रक्तदाब चढलेला असताना जोरजोरात कपालभाती मात्र नको.

१६. झोप बिघडणारच, काही महिनेसुद्धा. उठायची वेळ एकच ठेव आणि दुपारी लोळू नकोस — गुंगीला झोप समजायची सवय मेंदूला लागलीय, खरी झोप त्याला नव्यानं शिकायची आहे. शेजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊ नकोस, ती पुढचं व्यसन होते.

१७. एखाद्या रात्री स्वप्नात पिशील आणि दचकून, घाबराघुबरा होऊन उठशील. पाणी पी, तोंड धू, झोप — हे बऱ्याच जणांना होतं, आणि स्वप्नातला पेला हिशेबात धरत नाहीत.

१८. ताई, हा तुझ्यासाठी, त्याला वाचून दाखवू नकोस. 'पिणाऱ्याला न सांगता जेवणातून द्या' अशी पुडी कुणी दिली तर हात लावायचा नाही — त्यात बऱ्याचदा डायसल्फिरामच असतं. त्यावर दारू पडली की उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली, जीवही जाऊ शकतो. ते औषध चांगलं आहे, पण पिणाऱ्यानं स्वतः मान्य करून, डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायचं. फसवून दिलेल्या औषधानं विश्वास आधी मरतो.

१९. आणि भाच्या, तू डायसल्फिराम घेत असशील तर खोकल्याच्या औषधाची बाटली वाचून घे, आणि आसवं-अरिष्टं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत — द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट यांत आंबवताना आपोआप मद्यार्क तयार होतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

२०. तंबाखूची डबी अजून खिशात दिसते. तीही सोड, पण डॉक्टरांना विचारून निकोटिनचा गम घे, आणि तो रवंथ करत चावू नकोस; दोनचारदा चाव, झणझणलं की गालात ठेव — निकोटिन गालातून रक्तात जायला हवं, गिळलंस तर नुसत्या उचक्या लागतील. विडी ओढणाऱ्या तुझ्या मित्राला सांग, सोडल्यावर चहा-कॉफी कमी कर — धूर बंद झाला की कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं आणि धडधडीचा दोष सुटलेल्या विडीला लागतो.

२१. ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला जा, कंटाळा आला तरी. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अक्रनला एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ते उभं राहिलं — डॉक्टरला खोटं सांगता येतं, दुसऱ्या पिणाऱ्याला नाही. आपल्याकडे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तिथेही औषधाइतकाच भर या गप्पांवर राहिला.

२२. गटारीला, हळदीला, ३१ डिसेंबरला यंदा गावाबाहेर राहा, आणि कारण सांगायची गरज पडलीच तर 'गोळ्या चालू आहेत' एवढंच — 'सोडली' म्हटलं की चार जण परीक्षा घ्यायला पेला पुढे करतात.

२३. घसरलास तर त्याच रात्री सांग, सकाळची वाट नको — एक पेला लपवायला दुसरा लागतो. आणि तुझ्या त्या गर्दवाल्या मित्राला बजाव, बरेच दिवस बंद असताना जुन्या मापानं घेतलं तर श्वास थांबतो. शरीर ते माप विसरलेलं असतं.

२४. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेव, फुकट आहे, मराठीत बोलतात — मध्यरात्री मामा घोरत असतो.

२५. मंगळवारी तुझी तारीख आहे. केसपेपर आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आण, रिकामी पाकिटंसुद्धा — किती चुकल्या ते डॉक्टर त्यावरून मोजतात. साडेआठला मी गाडी घेऊन येतो.