बांधासाठी निर्गुडीची छाटकलमे

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील शेतांना दरवर्षी रानातील काटेरी फांद्या तोडून कुंपण घालावे लागते. त्यापेक्षा ओढ्याकाठच्या निर्गुडीचे जिवंत कुंपण श्रेयस्कर. तिचा उग्र पाला गुरे सहसा खात नाहीत, आणि मुळे बांधाची माती धरून ठेवतात. एरवी ती भाटघर-पानशेतच्या जलाशयांत जाते.

रोपवाटिकेसाठी पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीचे वीतभर तुकडे घ्यावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा, वरचा सरळ घ्यावा. म्हणजे कलम उलटे लागत नाही. पाने काढून, दोन डोळे वर ठेवून, ते माती-वाळूच्या पिशवीत रोवावे. पिशवीला भोके हवीतच. साचलेल्या पाण्याने साल कुजते. नवी पालवी पाहून मात्र घाई करू नये. खोडातील अन्नसाठ्यावरही ती फुटते. भोकांतून मुळे दिसल्यावरच, पावसाची झड असताना, रोपे बांधावर हातभर अंतराने लावावीत.